उलटसुलट चालणारा सॉलिड ऑक्साइड सेल आणि आमची अंधारातली वाडी

कातळावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तौक्ते आलं तेव्हा, म्हणजे १६ मे २०२१ ला, आमच्या वाडीतली लाईट गेली ती आठव्या दिवशी आली. देवगड तालुका, सड्यावरची चाळीस घरं. इन्व्हर्टरने पहिल्याच रात्री मान टाकली. विहिरीला पाणी होतं, पण पंप मुका. सगळ्यात चीड आली ती शेजारच्या काकांच्या छपरावरची सोलर पॅनलं बघून. वादळात एकही हललं नाही, तिसऱ्या दिवसापासून ऊन रणरणतं, आणि घरात अंधार! नेटमीटरवाली, म्हणजे बाहेरच्या लाईनीला जोडलेली होती ना. बाहेरची लाईन मेली की तो इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो, नाहीतर तारांवर चढलेल्या वायरमनला आपल्याच घरातून शॉक बसायचा. कारण पटतं. मेणबत्तीच्या उजेडात मात्र पटायला वेळ लागतो.

तेव्हापासून साठवणुकीबद्दल मिळेल ते वाचतोय. सध्या डोक्यात शिरलेला किडा म्हणजे रिव्हर्सिबल सॉलिड ऑक्साइड सेल. यंत्र एकच. वीज उरली की पाण्याच्या वाफेतून हायड्रोजन काढतं, वीज नसली की तोच हायड्रोजन आत घेऊन वीज देतं. सिलिंडरातला हायड्रोजन बॅटरीसारखा उतरत नाही. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे ऊन मुबलक, आणि पावसाळ्यात ऊन गेलं तरी वारा आहे. मग ग्रामपंचायतीने किंवा मच्छीमार सोसायटीने असा एक सेल बसवला तर?

जाणकारांनी लिहावं. टिंगल करणाऱ्यांनीही लिहावं, पण आकड्यांसकट.

गजालीवाला

हायड्रोजन म्हणजे तो बॉम्बातलो मा? सिलिंडर खय ठेवतलास? शाळेत ठेवलंस तर मास्तर पळतलो, देवळात ठेवलंस तर गुरव. वाचतंय, लिवा पुढे.

भट्टीवाला

गजालीवाले, बॉम्बातला नव्हे, तो प्रकार वेगळा. पण पेटतो मात्र झटकन, आणि दिवसा त्याची ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. गळला तर भराभर वर जातो, म्हणून बंद खोलीत ठेवायचा नसतो. उघड्यावर, वर हवा खेळती. शाळा आणि देऊळ दोन्ही वाचली.

धागाकर्त्यांनी विषय माझ्या दुखऱ्या नसेचा काढलाय. सिरॅमिकमध्ये बरीच वर्षं घालवून आता रत्नागिरीत घरी बसलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

हा सेल म्हणजे सिरॅमिकची पातळ चकती. मधला थर झिर्कोनियाचा, त्यात थोडं यिट्रियम ऑक्साइड मिसळलेलं. एका बाजूला निकेल आणि झिर्कोनिया यांचा सच्छिद्र थर, तिथे वाफ आणि हायड्रोजन. दुसऱ्या बाजूला लँथनम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट, लोखंड यांच्या ऑक्साइडचा थर, तिथे हवा. यिट्रियम घातल्याने झिर्कोनियाच्या स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा मोकळ्या राहतात. एसटीत मधली सीट रिकामी झाली की मागचा पुढे सरकतो, त्याची जागा त्याच्या मागचा घेतो, तसे ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, या जागांवरून सरकत जातात. पण थंडीत हे प्रवासी जागचे हलत नाहीत. त्यांना हलवायला ७०० ते ८५० अंश सेल्सियस लागतात. या तापमानाकडे लक्ष असू द्या, पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळेच आहे.

पदार्थ नवा अजिबात नाही. नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९९ च्या सुमारास याच मिश्रणाची कांडी तापवून दिवा केला होता. १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बौर आणि प्राइस यांनी याच जातीच्या सिरॅमिकमधून वीज काढून दाखवली, १००० अंशांवर. आणि तुमच्या नव्या गाडीच्या सायलेन्सरजवळ जो ऑक्सिजन सेन्सर असतो ना, तोही बहुधा झिर्कोनियाचाच. माझ्या डाव्या दाढेवरची टोपीसुद्धा. तिच्यातून अजून वीज आलेली नाही.

बर्फवाला हर्णै

भट्टीवाले साहेब, आठशे अंश कशासाठी? साधं पाणी विजेने फोडतात की. शाळेत दोन पेन्सिली आणि बॅटरी घेऊन आम्हीही केलं होतं.

भट्टीवाला

करता येतं, आणि आज बहुतेक ठिकाणी तसंच करतात. त्या थंड पद्धतीला एक किलो हायड्रोजनमागे ५० ते ५५ युनिटं वीज लागते. आमच्या भट्टीला आयती वाफ दिली तर ४० च्या आसपास भागतं. पाणी फोडायला लागणाऱ्या ऊर्जेचा काही वाटा उष्णतेच्या रूपात दिला तरी चालतो, आणि तापमान जितकं चढं तितका हा वाटा मोठा. शिवाय पाण्याची वाफ करायचं काम आधीच झालेलं असतं. अमेरिकेत ब्लूम एनर्जीने २०२३ मध्ये नासाच्या एम्स केंद्रात ४ मेगावॅटचं असं यंत्र चालवलं, त्यातून दिवसाला २.४ टन हायड्रोजन निघाला. भागाकार करून बघा, किलोला ४० युनिटंच येतात.

आता उलटसुलट म्हणजे काय ते. हायड्रोजन बनवताना एका चकतीला साधारण १.३ व्होल्ट द्यावे लागतात. वीज परत घेताना तीच चकती ०.८ व्होल्टच्या आसपास देते. वाफ, पंप, सिलिंडर सगळं विसरलात तरी ०.८ भागिले १.३ म्हणजे ६२ टक्के. हा झाला वरचा पत्रा. त्याच्या खाली किती गळतंय ते नंतर बघू.

कातळावरचा (धागाकर्ता)

म्हणजे शंभरातले अडतीस दारातच गेले. तरी हिशेब करून बघतो, चुकलं तर कान धरा.

आमची ४० घरं, फ्रीज-पंखा-दिवे धरून घरटी दिवसाला ३ युनिटं. रोज १२०, आठ दिवसांची ९६०. एक किलो हायड्रोजनमध्ये ३३.३ युनिटं असतात असं वाचलंय. त्यातली १८ परत मिळाली तर सुमारे ५३ किलो हायड्रोजन हवा. बरोबर?

भट्टीवाला

बरोबर. आता तो ठेवायचा कुठे ते बघा. साध्या दाबाला एक किलो हायड्रोजन १२ घनमीटर जागा खातो. ५३ किलोला शाळेचे चार वर्ग भरतील. ३५० बारच्या, म्हणजे हवेच्या साडेतीनशेपट दाबाने भरलात तर हजार लिटरच्या दोन टाक्यांपेक्षा थोडी जास्त जागा पुरते. पण दाबायला किलोमागे दोन-तीन युनिटं जातात. परदेशात मिठाच्या थरात पोकळ्या कोरून त्यात हायड्रोजन साठवतात, ब्रिटनमध्ये टीसाइडला, अमेरिकेत टेक्सासमध्ये. आपल्या पायाखाली जांभा आणि त्याखाली काळा दगड, ती सोय नाही.

आणि वाफ आयती नाही. ३० अंशांचं ९ लिटर पाणी उकळून वाफ करायला सहा-साडेसहा युनिटं. म्हणजे ४० अधिक साडेसहा अधिक अडीच, किलोला ४९. ५३ किलोला २६०० युनिटं घातली आणि ९६० परत आली. शंभराचे सदतीस. लिथियम बॅटरी शंभराचे ८५ ते ९० परत देते.

पोफळीकर निवृत्त

मी पोफळीला कोयनेवर नोकरी केली, त्यामुळे मला साठवणूक म्हटलं की डोंगर दिसतो. कोयनेचा प्रकल्प १९६० मेगावॅटचा. धरण वर, वीजघरं सह्याद्रीच्या पोटात, आणि काम झालेलं पाणी वाशिष्ठीत. पाणी खाली सोडून वीज घ्यायची आणि उरलेल्या विजेने तेच पाणी परत वर चढवायचं, ही जगातली सगळ्यात मोठी बॅटरी आहे आणि ती शंभराचे ७५ ते ८० परत देते. सदतीस टक्क्यांसाठी आठशे अंशांची भट्टी कशाला हवी, मला कळलं नाही. आमच्या वेळी असा प्रस्ताव घेऊन कोणी आला असता तर साहेबांनी चहा पाजून परत पाठवला असता.

कातळावरचा (धागाकर्ता)

काका, मान्य. पण तुमचं पाणी पोफळीला, वीज खांबावरून येणार, आणि खांब आडवा पडलेला. वादळात माझ्यापर्यंत येणार कसं?

पोफळीकर निवृत्त

तो मुद्दा तुमचा. खांब पडल्यावर कोयनाही बिनकामाची.

चाकरमानी

मुंबईहून वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. ९६० युनिटं डिझेल जनरेटरवर काढली तर?

भट्टीवाला

छोटा जनरेटर लिटरला साधारण तीन युनिटं देतो. ३२० लिटर डिझेल. दोनशे लिटरचा बॅरल धरला तर दीड बॅरल आणि वर थोडं.

गजालीवाला

दीड बॅरल!! आणि आमी हय झिर्कोनिया, यिट्रिया, नर्न्स्ट करीत बसलंव. कातळावरच्या, जनरेटर घे आणि गप झोप.

कातळावरचा (धागाकर्ता)

हसा हसा. पण तौक्तेच्या तिसऱ्या दिवशी पंपावर डिझेलची रांग किती होती ते मी बघितलंय. पंपाला लाईट नव्हती म्हणून तोही बंदच होता काही तास.

सुरंगी

अलिबागजवळ केमिकल प्लांटमध्ये काम केलेली आहे मी. डिझेलपेक्षा मोठी अडचण अजून कोणी काढलीच नाही, भट्टीवाले दादा मुद्दाम राखून ठेवतायत बहुतेक. हा सेल ८०० अंशांवर चालतो, मग वादळ येईपर्यंत वर्षभर काय करायचं? तापत ठेवायचा? म्हणजे आठ दिवस घावणे काढायचे म्हणून तवा बारा महिने चुलीवर. तेवढी उष्णता पुरवायला जी वीज जाईल त्यात वाडीचे पंखे फिरतील.

चाकरमानी

पण ताई, हल्ली वादळाची सूचना तीन-चार दिवस आधी येते. निसर्ग वादळाच्या वेळी, जून २०२० मध्ये, आम्हाला श्रीवर्धनहून आदल्या दिवशीच फोन आले होते की घर बांधून घेतोय, निघू नका. सूचना आली की तवा चुलीवर ठेवायचा. काय अडलं?

भट्टीवाला

चाकरमानी, प्रश्न चांगला आहे. अडत नाही, सावकाश करावं लागतं. मिनिटाला एक-दोन अंशांनी चढवायचं, म्हणजे थंड भट्टी कामाला लागेपर्यंत अर्धा दिवस. घाई केली तर थर एकमेकांशी भांडतात, कारण प्रत्येक जण उष्णतेने वेगवेगळा फुगतो, आणि चकती तडकते. कडेचं काचेचं सीलही तडकतं. वर्षातून दोनदा सावकाश तापवलं-निववलं तर निभावेल. पण मग महाग यंत्र वर्षातले साडेतीनशे दिवस गार पडून राहणार. बोट विकत घेऊन फक्त नारळी पौर्णिमेला समुद्रात काढण्यातला प्रकार.

तापत ठेवणाऱ्यांसाठीही अडचणी आहेत, आणि त्यात आपली हवा भर घालते. चकत्यांच्या मध्ये स्टीलच्या पट्ट्या असतात. त्या तापमानाला स्टीलमधलं क्रोमियम वाफेच्या रूपाने उडतं आणि हवेच्या बाजूच्या थरावर जाऊन बसतं. दमट हवेत ते अधिक उडतं. आता आमच्या जुलैच्या हवेची कल्पना करा, जिथे कपाटातली चामड्याची चप्पलसुद्धा पांढरी पडते. म्हणून पट्ट्यांना मँगनीज-कोबाल्टचा लेप देतात, आणि हवा गाळून, सुकवून घ्यावी लागते.

बर्फवाला हर्णै

समुद्राचं पाणी चालेल का? ते तरी आमच्याकडे फुकट आहे.

भट्टीवाला

थेट नाही. मीठ आणि सिलिका आत गेली की सेल गेला. पण खाऱ्याचं गोडं करून घेणं इथे अगदी स्वस्त पडतं, हजार लिटरला तीन-चार युनिटं. किलोभर हायड्रोजनला ९ लिटर पाणी, त्याचा खर्च हिशेबात धरण्याइतकाही नाही. पाण्याची काळजी सोडा.

सुरंगी

भट्टीवाले, एक ऐकलं होतं ते खरं का? की हा सेल फक्त हायड्रोजन बनवायला जुंपला तर लवकर खराब होतो आणि आलटून पालटून चालवला तर टिकतो?

भट्टीवाला

खरं आहे, आणि मला या विषयातलं सगळ्यात आवडणारं प्रकरण तेच. हायड्रोजन बनवताना हवेच्या बाजूला ऑक्सिजन सुटतो. जोरात चालवलं तर तो थराच्या बुडाशी दाबाने साचतो आणि थर सुटायला लागतो, ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा सुटतो तसा. २०१५ मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं की मधूनमधून उलट्या दिशेने, म्हणजे त्याच्यातून वीज काढून घेत चालवलं की ही इजा साचतच नाही. दिवसा सोलरवर हायड्रोजन, रात्री वीज, हा दिनक्रम त्याच्या प्रकृतीला मानवतो. बिघडतो तो एकाच अंगावर झोपवला तर.

अशी यंत्रं झालीही आहेत. २०१६ मध्ये बोइंगने अमेरिकी नौदलाला ५० किलोवॅटचं उलटसुलट यंत्र चाचणीसाठी दिलं, आतले सेल जर्मनीच्या सनफायरचे. आणि याच जातीचा सेल मंगळावर जाऊन आलाय, म्हणजे परत नाही आला, तिथेच आहे. नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या मॉक्सी नावाच्या डब्यात. २०२१ ते २०२३ मध्ये १६ वेळा चालवून त्याने मंगळाच्या कर्बवायूतून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला.

गजालीवाला

मंगळार चलता, देवगडात नाय चलणा. देवगडची हवाच तशी आसा.

बर्फवाला हर्णै

मी माझं सांगतो. माझा बर्फाचा कारखाना आहे, बंदराजवळ. टनाला साठ-सत्तर युनिटं जातात. धागा वाचून मला वाटलं की मी मूर्खपणा करतोय. रात्री स्वस्त पडते म्हणून नव्हे, सवय म्हणून मी रात्री बर्फ धरतो. पॅनलं टाकून दिवसा धरला, गोदामात रचून ठेवला, तर तो बर्फच माझी बॅटरी की नाही? एक टन बर्फ वितळताना ९३ युनिटांएवढी उष्णता खातो, हे मला आयटीआयमध्ये घोकून घेतलं होतं. मासे काही विजेवर गार राहत नाहीत, बर्फावर राहतात.

पोफळीकर निवृत्त

याला म्हणतात इंजिनिअर.

भट्टीवाला

शंभर टक्के सहमत, आणि मी स्वतः भट्टीवाला असून सांगतो. ज्याला गारवा हवाय त्याने गारवा साठवावा. वीज साठवून तिची परत वीज करणं हा सगळ्यात महागडा रस्ता.

चाकरमानी

मग सरकार एवढे पैसे कशाला घालतंय? जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं, १९,७४४ कोटींचं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन म्हणे. त्याच वर्षी महाराष्ट्राचंही धोरण आलं.

सुरंगी

ते पैसे वाड्यांतले दिवे लावायला नाहीत, चाकरमानी. हायड्रोजन आत्ताही लागतो, रोज लागतो, आणि आपल्याच किनाऱ्यावर लागतो. थळला आरसीएफचा खत कारखाना आहे, तिथे नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढून त्याचा अमोनिया करतात. एक टन अमोनियात १७६ किलो हायड्रोजन जातो. भट्टीवाल्यांच्या ४० युनिटांनी गुणलं तर टनाला सात हजार युनिटं. आकडा मोठा आहे, पण बघा, अमोनिया बनताना उष्णता सुटते, तिच्यावर वाफ करता येते. म्हणजे या सेलला जी दोन गोष्टींची भूक असते, वाफ आणि चोवीस तास काम, त्या दोन्ही तिथे आयत्या. तवा तापलेला आहेच, त्यावर घावणा टाकायचा.

एक खोच मात्र आहे, ती उत्साहाच्या भरात सगळे विसरतात. युरियाला अमोनियाबरोबर कर्बवायूही लागतो, आणि तो त्याच नैसर्गिक वायूतून फुकट हाती येतो. हायड्रोजन पाण्यातून घेतला तर कर्बवायू दुसरीकडून आणावा लागेल. त्यामुळे सगळा गॅस बंद करता येणार नाही, थोडा हिस्सा बदलता येईल.

कातळावरचा (धागाकर्ता)

म्हणजे माझी वाडी या गोष्टीत कुठेच नाही.

सुरंगी

दादा, वाडीने हायड्रोजनच्या भानगडीत पडू नये एवढंच. वाडीला चार तासांची नाही, आठ दिवसांची सोय हवी, पण त्या आठ दिवसांत ऊन असतं की! तुम्हीच लिहिलंय, तिसऱ्या दिवसापासून रणरणतं. आठ दिवसांची वीज साठवायचीच नाहीये. एका रात्रीची साठवायची आणि सकाळी पुन्हा भरायची. शेजारच्या काकांच्या पॅनलांना बाहेरच्या लाईनीशी संबंध तोडून एकट्याने चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि एका रात्रीपुरती बॅटरी मिळाली असती तर वाडीचा पंप दुपारी चालला असता. पहिले दोन दिवस ढगांचे, ते जनरेटरवर काढा. दोन दिवसांना २४० युनिटं, म्हणजे ८० लिटर डिझेल, तेवढं घरात ठेवता येतं.

कातळावरचा (धागाकर्ता)

हे मला तीन वर्षांत सुचलं नाही. आठ दिवस आठ दिवस करत बसलो.

ज्या विक्रेत्याने काकांना पॅनलं बसवून दिली त्याने "लाईट गेली तरी चालेल" असंच सांगितलं होतं. नाव लिहीत नाही. काकांना आज फोन केला, ते इन्व्हर्टर बदलायला तयार आहेत, पण म्हणतात पंपाची मोटर चालू होताना जो झटका घेते तो हा इन्व्हर्टर सोसेल का ते आधी विचार. मोटर तीन अश्वशक्तीची आहे.

पोफळीकर निवृत्त

सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर नाहीतर तिचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी लावा, म्हणजे इन्व्हर्टर लहान चालेल. मोटरच्या पाटीचा फोटो टाका, मग सांगतो. सिंगल फेज की थ्री फेज तेही लिहा.

बर्फवाला हर्णै

आणि माझा एक प्रश्न राहिला. कारखान्याच्या पत्र्यावर पॅनलं टाकायची तर खालचा सांगाडा कसला घेऊ? समुद्र दोनशे पावलांवर आहे. मागचा जीआयचा शेडचा सांगाडा सहा वर्षांत कुरतडला.

भट्टीवाला

अॅल्युमिनियमचा घ्या, आणि नटबोल्ट ३१६ स्टेनलेसचे. दुकानदार ३०४ देईल, तेही स्टेनलेसच म्हणेल, घेऊ नका, खाऱ्या वाऱ्यात त्याला तांबेरा चढतो. दोन धातू जिथे टेकतात तिथे मध्ये नायलॉनचं वॉशर घाला.

गजालीवाला

भट्टीवाल्यानु, माझ्या होडयेच्या इंजिनाचे नटबोल्ट पण बघून सांगा मा. फोटो टाकतंय.